शहरातल्या ट्रामचे (लाइट रेलचे) थांबे एकमेकांपासून किती अंतरावर असावेत?

तुम्ही विचारलंय की लाइट रेलचे थांबे बससारखे दोन-दोनशे मीटरवर हवेत की मेट्रोसारखे किलोमीटरवर, आणि थांबे जितके जवळ तितकी लोकांची सोय जास्त असं का मानू नये. मी मेलबर्नला राहतो, रोजचं येणं-जाणं ट्रामने, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. दाट वस्तीतून जाणाऱ्या मार्गावर 400 ते 600 मीटर, हे माझं उत्तर. त्याहून जवळ थांबे दिले की दारात राहणाऱ्या चार जणांची सोय होते आणि गाडीत बसलेल्या सगळ्यांचा वेळ जातो.

हिशेब साधा आहे. ताशी 50 किलोमीटरने चाललेली ट्राम थांबवायची, दारं उघडायची-मिटायची आणि पुन्हा वेग घ्यायचा, यात साधारण 20 सेकंद जातात. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना लागणारा वेळ मी यात धरलेला नाही, कारण एखादा थांबा काढला तरी तिथली माणसं पुढच्या थांब्यावर चढणारच आहेत. आता 6 किलोमीटरचा प्रवास घ्या. थांबे 250 मीटरवर असले तर 24 वेळा थांबणं आलं, म्हणजे 8 मिनिटं गेली. 500 मीटरवर असले तर 4 मिनिटं. बदल्यात चालणं किती वाढलं? मार्गाच्या कडेला राहणाऱ्याला जवळचा थांबा सरासरी दोन थांब्यांमधल्या अंतराच्या पाव हिश्श्यावर असतो. म्हणजे दोन्ही टोकांचं मिळून सव्वाशे मीटर जास्त, दीड मिनिट. 4 मिनिटं वाचवायला दीड मिनिट चालणं परवडतं. पण 500 चे 1000 मीटर केले, तर गाडीत 2 मिनिटं वाचतात आणि पायी 3 मिनिटं वाढतात.

हेच गणित पुढे नेलं तर 6 किलोमीटरच्या प्रवासाला साडेपाचशे मीटरच्या आसपासचं अंतर सर्वांत फायद्याचं ठरतं. 3 किलोमीटरच्या प्रवासाला 400, आणि 15 किलोमीटरच्या प्रवासाला जवळजवळ 900. म्हणून थांबे आखण्याआधी एकच गोष्ट नीट मोजायला हवी: लोक या गाडीने किती लांब जातात. मेट्रोचे थांबे लांब असतात ते याचमुळे. शिवाय जिने चढून-उतरून फलाट गाठायचा असेल तर दोन स्टेशनांपुरता प्रवास कोणी करत नाही.

मेलबर्नचं ट्रामचं जाळं जगातलं सर्वांत मोठं, सुमारे 250 किलोमीटरचं. सरासरी वेग मात्र ताशी 16 किलोमीटरच्या आसपास. सगळा दोष थांब्यांवर टाकणं बरोबर नाही. जवळपास तीन-चतुर्थांश मार्गावर ट्राम मोटारींबरोबर एकाच रस्त्यातून जाते आणि सिग्नलला अडकते. रात्री उशिरा, कोणी घंटा दाबत नाही तेव्हा, हीच गाडी अर्धे थांबे सोडून जाते आणि बऱ्यापैकी पळते. गर्दीच्या वेळी मात्र जवळजवळ प्रत्येक थांबा घ्यावा लागतो.

दोन्ही तऱ्हा एकाच गाडीत बघायच्या असतील तर 96 नंबरची ट्राम घ्यावी. शहराच्या मध्यभागी बर्क स्ट्रीटवर ती माणसांच्या गर्दीतून घंटा वाजवत रांगते. पुढे दक्षिणेला मात्र ती जुन्या रेल्वेच्या जागेवरून धावते. 1857 साली सुरू झालेली सेंट किल्डाची रेल्वे 1987 मध्ये बंद करून तिथे ट्राम आणली. साउथ मेलबर्न, आल्बर्ट पार्क, मिडल पार्क या स्टेशनांचे थांबे झाले. तिथे मोटारी नाहीत, थांबेही लांब लांब, आणि ड्रायव्हरला पूर्ण वेग घ्यायला जागा मिळते. त्या भागात थांबे फार लांब आहेत म्हणून कुरकुर करणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

जवळच्या थांब्यांच्या बाजूने नेहमी म्हाताऱ्या माणसांचं नाव पुढे केलं जातं. त्यांची काळजी खरी आहे, पण मग ते चढतात कसे तेही बघायला हवं. सिडनी रोडवर 19 नंबरची ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते. फलाट नाही. ट्राम थांबली की मागच्या मोटारींनी थांबायचं असा नियम, त्या भरवशावर आजी फुटपाथवरून उतरून एक पूर्ण मार्गिका ओलांडतात, चाकांची बाजाराची पिशवी आधी वरच्या पायरीवर टेकवतात, दांडा धरतात आणि मग एकेक पाय उचलतात. व्हीलचेअर असेल तर चढणं शक्यच नाही. असे दोन थांबे काढून त्यांच्या मध्ये गाडीच्या दाराच्या उंचीचा, उताराचा आणि कठड्याचा एक चांगला फलाट बांधला, तर आजींना शंभर-सव्वाशे मीटर जास्त चालावं लागेल, पण पायरी चढावी लागणार नाही. असा फलाट दर दोनशे मीटरवर बांधायला ना पैसा पुरतो ना रस्त्याची रुंदी. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याप्रमाणे 2022 च्या अखेरीपर्यंत सगळे थांबे अपंगांना वापरता येतील असे व्हायला हवे होते. मुदत उलटून गेली आणि कितीतरी थांबे अजून तसेच आहेत. थांबे जितके जास्त, तितकं हे काम लांबत जाणार. ही दिरंगाई मला थांब्यांच्या अंतरापेक्षाही जास्त खुपते.

सिडनी रोडचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या रस्त्याला जवळजवळ समांतर अपफील्डची लोकल ट्रेन जाते. लांब जाणारे ट्रेन धरतात. ट्राम उरते ती दुकानापासून दुकानापर्यंतच्या छोट्या प्रवासाला. अशा ठिकाणी मी 600 चा आग्रह धरणार नाही, 350-400 ठीक. याउलट जिथे ट्राम हाच शहरात जायचा एकमेव मार्ग आहे, तिथे उपनगराकडच्या टोकाला 700-800 मीटर ठेवले तरी चालतील.

आहेत ते थांबे कमी करणं अवघड, पण अशक्य नाही. अमेरिकेत पोर्टलंड शहरात मध्यवर्ती भागातले चौक जेमतेम 80 मीटरवर आहेत आणि लाइट रेलचे थांबेही फार दाट होते. 2020 मध्ये तिथे काही थांबे बंद केले. नवीन मार्ग आखत असाल तर पहिल्या दिवसापासूनच कमी थांबे द्या. थांबा नंतर वाढवता येतो. दिलेला काढायला गेलात की त्या गल्लीतला प्रत्येक माणूस विरोधात उभा राहतो, आणि त्याचं ते दुःख खोटं नसतं.

फक्त फूटपट्टी लावून दर 500 मीटरवर खूण करू नका. आधी रुग्णालय, बाजार आणि दुसरी गाडी बदलायचे चौक नक्की करा, मग उरलेले थांबे मध्ये बसवा. चढावर अंतर कमी ठेवा. रुग्णालयाच्या दारातला थांबा मागच्या थांब्यापासून 250 मीटरवर येत असेल, तरी तो तिथेच द्या.