जुन्या डीव्हीडीवर सिनेमा पाहून त्याचं परीक्षण लिहिणं योग्य आहे का?

कथा, अभिनय, संवाद यांवर खुशाल लिहा. छायाचित्रणाबद्दल मात्र जरा थांबा.

पाल या (भारतातल्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असतं, ब्लू-रेवर १९२० बाय १०८०. अंधारातल्या प्रसंगात काळ्या भागात चौकोन उठत असतील तर तो दोष बहुधा डिस्कचा, कॅमेरामनचा नव्हे. वेगाचंही तसंच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो आणि पाल डीव्हीडीवर बहुतेकदा २५ने धावतो. त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो, आवाजही किंचित चढा लागतो. ‘चार मिनिटं कापली’ असं लिहिण्याआधी हा हिशेब करून बघा.

मी फोंड्याला राहतो. इथल्या पावसात डिस्कला बुरशी लागते. गेल्या जुलैत एका मालिकेचा संच काढला, तर कडेला पांढरी जाळी. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसली (गोल गोल अजिबात नाही), आणि अडणारा भाग सुरळीत चालला.

इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४पासून पणजीत भरतो. तिथे पडद्यावर पाहिलेला एखादा सिनेमा घरी डिस्कवर पुन्हा लावा. रात्रीच्या पहिल्याच प्रसंगात फरक दिसेल.