उजेड आहे तोवर विचार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. वाट कशी चुकली यावर चार ओळी आणि अनोळखी माणसांच्या घरी रात्र काढावी लागली याच्या शरमेवर दोन पानं! मला हे प्रमाण उलटं हवं होतं. ‘पूर्ण तयारी झाल्याशिवाय पुन्हा डोंगरात जाणार नाही, कुणावर भार होणार नाही,’ असं लिहिलं आहेस. अशी पूर्ण तयारी कुणाचीच होत नसते. वर्षानुवर्षं डोंगरात फिरणारी माणसंही धुक्यात चुकतात.

मला खुपलं ते वेगळंच. दुपारी चारच्या सुमाराला समोरच्या धारेवर एक मेंढपाळ दिसला, असं तू सहज लिहून गेलास. वाट हातची गेल्याची शंका तुला तेव्हाच आली होती. तरी हाक मारली नाहीस. ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ म्हणून चालत राहिलास आणि रात्री नऊला एका घराचं दार वाजवलंस.

आता हिशेब कर. चार वाजता त्या माणसाला काय पडलं असतं? हात वर करून वाट दाखवायची, दोन वाक्यं बोलायची, झालं. नऊ वाजता त्या घरातल्यांना झोप मोडून उठावं लागलं, तुला कोरडे कपडे आणि अंथरूण द्यावं लागलं, आणि तुझा सोबती मागे राहिला होता म्हणून दोघांना बॅटरी घेऊन निसरड्या उतारावर जावं लागलं. त्यांच्यापैकी कुणाचा पाय घसरला असता तर? तुझ्या संकोचाची किंमत त्यांनी मोजली. म्हणून सांगतो, मदत उजेडात मागावी. उशिरा मागण्यात कसलीही सभ्यता नाही.

‘थोडं पुढे गेलो की कळेल’ हे तर मला ऐकवतही नाही. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात तासन्‌तास सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरल्यावर मात्र गोल फिरून आपल्याच वाटेला येऊन मिळाली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. जुनी माणसं चकवा लागला म्हणतात, तो हाच. शंका आली की थांबायचं. शेवटची खात्रीची खूण आठवत असेल तर तिथवर परत जायचं, नसेल तर बसायचं. ओढ्याच्या कडेने खाली उतरायचं नाही. ओढा कड्यावरून उडी घेतो, तुला घेता येत नाही.

आणि विचारावं कसं, तेही शीक. ‘ही वाट खालच्या गावात जाते ना?’ असं विचारलंस तर तुझं मन राखायला समोरचा ‘हो’ म्हणून मोकळा होईल. ‘खालच्या गावात जायला कोणती वाट?’ असं विचार. ‘तुम्ही स्वतः कुठून जाल? अंधार पडायच्या आत मी पोचेन का?’ हेही विचार. पहिलं वाक्य मात्र ‘मी वाट चुकलोय’ हेच हवं. ते गाळून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अर्धवटच मिळतं.

माणूस दिसत नसेल तर शिट्टी. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनदा येतं. फोनवर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 हा आपत्कालीन मदतीचा नंबर लावून बघ, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून लागू शकतो. तेही बॅटरी आहे तोवर आणि उजेड आहे तोवर. पुन्हा तेच सांगतोय, हे मला माहीत आहे.

या हट्टापायी माझे जुने सोबती तुटले. भेटेल त्याला वाट विचारतो, डोंगरातली मजा घालवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. एकाशी तर एका फाट्यावर कडाक्याचं भांडण झालं. मला गुरं राखणाऱ्या पोरीला विचारायचं होतं, त्याला नकाशावर भागवायचं होतं. मी विचारलंच. त्यानंतर तो माझ्याबरोबर कधी आला नाही आणि आता भेटायचाही नाही. त्याची फार आठवण येते. तरी आज त्याच फाट्यावर उभा राहिलो तर पुन्हा विचारेन. नकाशात पायवाट असते. गेल्या पावसाळ्यात ती खचली हे तिथे रोज चालणाऱ्यालाच ठाऊक असतं. त्या माणसाला डावलून चालण्यात कसली फुशारकी आहे, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

उपकार कसे फेडू, असं विचारतोस. फेडायचं नंतर बघ. पहाटे तुला वाटेला लावून ती माणसं माघारी वळली. तू घरी धड पोचलास की नाही हे त्यांना अजून माहीत नाही. तुझ्या पत्रात त्यांना फोन केल्याचा उल्लेख कुठेच नाही. शरमेवर दोन पानं लिहायला तुला वेळ मिळाला. हे पत्र बाजूला ठेव, आधी त्यांना फोन कर. नंबर घेतला नसशील तर पोस्टकार्ड टाक, ‘आम्ही दोघंही पोचलो’ एवढंच लिही. मग सवड काढून उजेडी जाऊन भेटून ये.

तुझा,
काका