कुसळ म्हणजे थिसल का?

प्रश्न असा होता की मराठी बायबलात उत्पत्ती ३:१८ मधे, देव आदामामुळे जमिनीला शाप देतो तिथे, 'काटे व कुसळे' आहे, इंग्रजीत त्याच जागी थिसल आहे, आणि नेटवर शोधलं की जांभळ्या फुलाचं एक काटेरी झाड दिसतं, तर कुसळ म्हणजे तेच का?

नाही हो. कुसळ हे मुळात झाडच नाही, गवताच्या दाण्याला असतो तो टोकदार केस. दिवाळीनंतर डोंगरावर जाऊन आलात की सॉक्समधे घुसून बसतं आणि धुतलं तरी निघत नाही ते. गंमत म्हणजे त्याच मराठी बायबलात मत्तयच्या सातव्या अध्यायात कुसळ परत भेटतं, भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ. तिथे ते एकदम चपखल बसलंय, कारण मूळ शब्द काडी-कस्पटाचा आहे. उत्पत्तीत मात्र मूळ हिब्रू शब्द 'दरदर' आहे, 'कोत्स वे-दरदर' अशी जोडी (कोत्स म्हणजे काटे), आणि हा दरदर अख्ख्या हिब्रू बायबलात फक्त दोनदा येतो, दुसऱ्यांदा होशेय १०:८ मधे, ओस पडलेल्या वेदींवर उगवणारा म्हणून.

आजच्या हिब्रूत दरदर म्हणजे सेंटोरिया नावाचं झाडांचं कुळ, तुम्ही फोटोत पाहिलंत ते बहुतेक त्यातलंच. भूमध्य समुद्राच्या काठाने पडीक रानात, रस्त्याच्या कडेला माजतं. आधी पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात, मग दांडा वर येतो, आणि जांभळ्या फुलाखाली चांदणीसारखे लांब पिवळट काटे. एका जातीचं नावच कॅल्सिट्रापा, म्हणजे टाचेचा सापळा, घोड्यांच्या पायाखाली टाकायचे ना लोखंडी काटे, कसेही पडले तरी एक टोक वर, त्यावरून. अर्थात उत्पत्तीतलं झाड नेमकं हेच असं कोणी छातीठोक सांगू नये, बायबलात काटेरी झाडांना वीसेक शब्द आहेत आणि त्या वेळच्या लोकांनी काही हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह, ठेवलेलं नाही.

आता मला आवडलेला भाग. जुन्या ग्रीक भाषांतरात दरदरला 'त्रिबोलोस' केलंय, तीन टोकांचा, आणि त्यावरूनच आलंय ट्रिब्युलस हे शास्त्रीय नाव, म्हणजे आपला सराटा! सायकल पंक्चर करणारा तोच, गोखरू. हिंदीत त्या लोखंडी काट्यांनाही गोखरूच म्हणतात, म्हणजे दोन वेगळी झाडं एकाच हत्याराच्या नात्यात आली. आणि सराटा तिकडे बायबलच्या मुलखातही उगवतो, इथलाच आहे असं नाही. मग भाषांतरात 'काटेसराटे' का नसावं? बोलीत जोडशब्द तयार आहे, 'कोत्स-दरदर'सारखा तोंडात घोळतोही. माझं मत विचाराल तर कुसळांपेक्षा तो शंभर पटीने बरा, कारण कुसळ टोचतं पण शेत बळकावत नाही.

वनस्पतीशास्त्राच्या नात्याने विचाराल तर दरदरचा सख्खा चुलतभाऊ आपल्या शेतात उभा आहे, करडई! खोटं वाटत असेल तर करडईचं बोंड हातात घेऊन बघा, (जपून) फुलाखाली तशीच काटेरी पानं. आजोळी सोलापूरकडे करडई पहाटेच कापायचे, दव असतं तोवर काटे मऊ असतात, ऊन चढलं की हात लावायची सोय नाही. पण म्हणून 'काटे व करडई' लिहिता येत नाही, शापात भाजी कशी येईल, कोवळ्या करडईची भाजी आम्ही मिटक्या मारत खायचो.

बाकी नुसत्या 'थिसल'ला मराठी शब्द हवा असेल, बायबल वगैरे सोडून, तर उंटकटारा चालवा. जात वेगळी पण घराणं तेच, आणि माळावर फिरणाऱ्याला लगेच डोळ्यापुढे येतं.