नांगरलेल्या वाटेसाठी अर्ज कोणत्या कलमाखाली?

प्रश्न : आमच्या शेताला शेजाऱ्याच्या गटातून गाडीवाट आहे. बरीचशी बांधाने, पण ओढ्याजवळ थोडी त्याच्या रानातून जाते. सासऱ्यांपासून चाळीस वर्षे तरी वहिवाट आहे. चार महिन्यांपूर्वी त्याने ती नांगरली, आता तिथे सोयाबीन उभे आहे. 'माझ्या सातबाऱ्यावर रस्ता दाखवा' म्हणतो. गावातल्या जाणकारांच्या सांगण्यावरून जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज लिहून ठेवला आहे. देऊ का?

उत्तर : ताई, तो अर्ज आत्ता देऊ नका. 'रस्ता मिळावा' असे तुम्ही लिहून दिलेत की उद्या समोरचा वकील तोच कागद दाखवून म्हणेल, म्हणजे आधी रस्ता नव्हताच! शिवाय 143 खाली वाट मिळते ती हद्दीच्या बांधावरून. ओढ्याजवळचा तुकडा हातचा जाईल.

तुमची वाट होती आणि ती अडवली गेली. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 आहे. दावा तहसीलदारांकडेच, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमचे चार गेले. दाव्यात नांगरट झाल्याची तारीख स्पष्ट लिहा, 'गेल्या उन्हाळ्यात' असे मोघम नको.

आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. तिथे ही वाट सार्वजनिक गाडीमार्ग म्हणून दाखवली असेल, तर ती साऱ्या गावाची आहे. असे रस्ते संहितेच्या कलम 20 नुसार शासनाच्या मालकीचे असतात. नकाशात नसेल तरी घाबरू नका. जमीन त्याची असली तरी तिच्यावरून जाण्याचा हक्क तुमचा असू शकतो. सुविधाधिकार अधिनियम, 1882 चे कलम 15 वीस वर्षांची उघड, शांततेची, अखंड आणि हक्काने केलेली वहिवाट मानते. इथे एक गोष्ट मला खरी खरी सांगा : सासरे दरवर्षी विचारून जात होते का? परवानगीने जाणे म्हणजे हक्काने जाणे नव्हे. अर्थात तो हक्क कायमचा ठरवणार दिवाणी न्यायालय. तहसीलदार वाट होती का आणि कोणी अडवली एवढेच पाहतील.

पुराव्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा. तुमचेच नव्हे, शेजाऱ्याचेही खत दुय्यम निबंधकाकडून नक्कल काढून वाचा. 'पश्चिमेस गाडीवाट' असे त्याच्याच खतात निघाले, तर त्याला बोलायला जागा उरत नाही.

आणि आजच रानात जा. नांगर सहसा वाटेच्या दोन्ही टोकांपर्यंत नीट पोचत नाही. तिथे चाकोऱ्या शिल्लक असतात. चाकांनी दाबलेल्या मातीत पीकही अनेकदा खुरटे राहते, पट्टा डोळ्यांना दिसतो. फोटो घ्या. स्थळपाहणीला स्वतः हजर राहून हे सगळे पंचनाम्यात लिहून घ्या, वाचल्याशिवाय सही करू नका. तोवर त्या सोयाबीनला हात लावू नका. एक ओळ उपटलीत तरी फिर्याद तुमच्यावर होईल.

लिहून ठेवलेला अर्ज फाडू नका. हा दावा फेटाळला गेलाच, तर 143 चा विचार तेव्हा करू.