नव्या कोंबड्यांआधी खुराडं

ताई, कोंबड्या आणायची घाई नको, पंधरा-वीस दिवस थांबा, तेवढ्यात खुराडं साफ करून घ्या. खुराडं रिकामं आहे म्हणजे लाल माइट (कोंबड्यांचं रक्त पिणारे अगदी बारीक जीव) उपाशी मेले असतील असं सगळ्यांनाच वाटतं. पण रक्ताशिवायही ते आठ-आठ महिने तग धरतात.

दिवसा ते दिसत नाहीत. बसायची दांडी जिथे भिंतीत अडकते, ते टोक उपसून बघा. फटीत राखाडी भुकटी दिसली आणि ती हलली, तर तेच. रक्त प्यायलेले असतील तर बोटाला लाल डाग लागतो.

सुरुवातीला एवढंच करा:
- जुना भुसा, गवत जाळून टाका. खतात नको.
- दांड्या, अंड्यांच्या पेट्या सुट्या करून प्रत्येक फटीत उकळतं पाणी ओता. वाळू द्या, मग चुना.
- आठवड्याने सगळं पुन्हा. तोवर माइटची राहिलेली अंडी फुटून पिल्लं बाहेर आलेली असतात. हाच टप्पा बहुतेक जण गाळतात.

मीही पहिल्यांदा भिंती छान पांढऱ्या केल्या आणि दांड्यांची टोकं विसरलो! पिकावरचं कीटकनाशक मात्र खुराड्यात मारू नका. औषध लागलंच तर पशुवैद्यकाला विचारून. त्या फवारण्यांचं पुढे बघू.

कोंबड्या आल्यावर आठवडाभर रात्री बॅटरी घेऊन एक चक्कर मारा, माइट दिसतात का बघा.