इरावती कर्वे यांचं महाभारतावरचं पुस्तक ‘युगान्त’ इतकं अभ्यासपूर्ण असूनही सहज वाचलं जातं, ते का?

कारण बाई निष्कर्ष हातात ठेवत नाहीत, वाचकाला सोबत घेऊन शोधायला निघतात. त्या मानववंशशास्त्रज्ञ, नातेसंबंध हा त्यांच्या संशोधनाचाच विषय. त्यामुळे कुंती, गांधारी एखाद्या घरातल्या बायकांसारख्या दिसतात. ‘मयसभा’ लेख बघा: खांडववनातून पळणारे प्राणी कृष्णार्जुन पुन्हा आगीत लोटतात, आणि बाई विचारतात, हे कशासाठी? उत्तर निघतं जमिनीच्या हव्यासापाशी. एवढं धारदार वाचन मराठीत दुर्मीळच! १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार उगाच नाही मिळाला. मात्र सगळंच महाभारतातलं समजू नका. मरताना द्रौपदी भीमाशी बोलते तो प्रसंग बाईंच्या कल्पनेतला. मूळ ग्रंथात ती कोसळते, एक शब्दही न बोलता.