शब्दचर्चा : ग्रंथपाल आणि कोतवाल

प्रश्न असा आला आहे : "आमच्या महाविद्यालयात 'ग्रंथालय' ही पाटी काढून 'ज्ञानस्त्रोत केंद्र' अशी नवी पाटी लावली. तिथल्या बाईंना आम्ही ग्रंथपाल म्हणायचो. आता काय म्हणायचं? ग्रंथपाल हा शब्द जुना झाला का? त्याचं स्त्रीलिंगी रूप काय? आणि वाचनालय, ग्रंथालय, ग्रंथसंग्रहालय हे सगळं एकच की वेगवेगळं?"

ग्रंथपालापासूनच सुरुवात करतो, कारण या शब्दावर माझा जीव आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी जे वाचनालय होतं, तिथे एक काका बसायचे. टेबलावर निर्गमाची जाडजूड वही, तिला दोरीने बांधलेलं पेन, बाजूला रबरी शिक्का. त्यांचं हुद्द्याचं नाव 'ग्रंथपाल' आहे हे मला फार उशिरा कळलं, कारण सगळं गाव त्यांना 'लायब्ररीवाले' म्हणायचं. मुलं तर 'ग्रंथपाल' हा शब्द ऐकला की भिंतीकडे बघून हसायची. पुस्तकांवर बसलेली पाल! पुढे भाषेचा नाद लागला तेव्हा लक्षात आलं, की 'लायब्ररीवाले' आणि 'ग्रंथपाल' यांत गाव आणि सरकार वेगळं काही म्हणतच नव्हते.

ते कसं, ते सांगतो. संस्कृतात शब्दाच्या मध्ये आलेल्या 'प'चा प्राकृतात 'व' होतो. दीपाचा दिवा झाला, कपाटाचं कवाड झालं. त्याच वाटेने गोपालाचा हिंदीत ग्वाला झाला आणि कोट्टपालाचा, म्हणजे कोट राखणाऱ्याचा, कोतवाल. आपण टांगेवाला, भाजीवाला, पेपरवाला म्हणतो त्यातला 'वाला'देखील याच पाल-पालकापासून आला, असं व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे 'लायब्ररीवाले' हे ग्रंथपालाचंच प्राकृत रूप. फक्त पुढचा भाग विलायती. आणि कोतवाल हा ग्रंथपालाचा भाऊ. एकाने कोट राखला, दुसऱ्याने ग्रंथ.

हे नातं नुसतं गमतीचं नाही. 'पाल'मध्ये राखण्याचा अर्थ मुळातच आहे. द्वारपाल, वनपाल, क्षेत्रपाल, लेखापाल, राज्यपाल, सगळे काहीतरी राखतात. पोथीच्या बाबतीत तर हा धातू अगदी नेमका भेटतो. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहीत. त्यात आधी पाठ, कंबर आणि मान मोडल्याची तक्रार असते, आणि मग 'कष्टेन लिखितं ग्रन्थं यत्नेन परिपालयेत्'. कष्टाने लिहिलाय, जपा. या 'परिपालयेत्'मधला धातू तोच. दुसरा श्लोक पोथीच्याच तोंडी आहे : तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि शेवटी 'मूर्खहस्ते न दातव्यम्'. पाठभेद बरेच आहेत, पण भाव तोच. आता 'ग्रंथ' शब्दाचा मूळ अर्थच गाठ मारणं, गुंफणं. गाठ आणि ग्रंथी त्याच घरातल्या. सुटी पानं दोऱ्याने बांधून ठेवायची, म्हणून सैल बांधणीची एवढी धास्ती. एक प्रत हातून गेली की महिनोन्महिन्यांची मेहनत गेली, त्या काळात राखणारा माणूस हाच खरा. युरोपातही पुस्तकं साखळदंडाने फळीला जखडून ठेवत. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असं साखळीबंद ग्रंथालय आजही पाहायला मिळतं.

छापखाना आला आणि राखण्यापेक्षा देण्याला महत्त्व आलं. आपल्याकडे हा बदल संस्थांच्या नावांत वाचता येतो. जुनी वाचनालयं बघा : रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं १८४८चं. पुण्यातल्या संस्थेचं जन्मनाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी', आजचं 'पुणे नगर वाचन मंदिर'. कोल्हापुरातही 'करवीर नगर वाचन मंदिर'. मंदिर म्हटलं तरी लोक तिथे यायचे वाचायलाच. वर्तमानपत्र परवडत नसे, टेबलाभोवती बसून एकाने वाचायचं आणि चौघांनी ऐकायचं. म्हणून 'वाचनालय'. १८९३ साली ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे आणि मंडळींनी संस्था काढली तिचं नाव मात्र 'मराठी ग्रंथ संग्रहालय', आणि पाठोपाठ १८९८ साली मुंबईतही 'मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय'. इथे भर वाचण्यावर नाही, जमवण्यावर आहे. मराठीत छापलेलं पुस्तक कुठेतरी एका जागी मिळालंच पाहिजे, ही जिद्द त्या नावात आहे.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं, की नावं ठेवली तेव्हा फरक होता, आज व्यवहारात उरलेला नाही. महाराष्ट्राचा १९६७चा कायदा 'सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम' म्हणतो, अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग पाडतो, आणि त्या यादीत 'अमुक सार्वजनिक वाचनालय' नावाच्या संस्था खुशाल 'ग्रंथालय' म्हणून बसतात. बोलताना मी स्वतः 'वाचनालय' गावातल्या जागेला म्हणतो, 'ग्रंथालय' विद्यापीठातल्या. आणि जिथे खरंच जायचं असतं तिला लायब्ररी.

आता हुद्द्याकडे. सुरुवातीच्या लायब्रऱ्या चिटणीस आणि कारकून चालवत. पुस्तकं सांभाळणं हा शिकायचा विषय आहे, असं कुणाला वाटत नव्हतं. जगातही ही कल्पना फार जुनी नाही. म्युनिकच्या मार्टिन श्रेटिंगर नावाच्या बेनेडिक्टीन साधूने १८०८मध्ये जर्मनीत 'ग्रंथालयशास्त्र' या अर्थाचा शब्द वापरला. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८८७मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबियात पहिली शाळा काढली तेव्हा तिला शास्त्राची नव्हे, 'लायब्ररी इकॉनॉमी'ची शाळा म्हटलं. इथे इकॉनॉमी म्हणजे काटकसर नाही, व्यवस्था. घर कसं लावावं, तशी लायब्ररी कशी लावावी.

भारतात हे शिक्षण आलं एका मराठी राजाच्या दारातून. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड अमेरिकेत लायब्रऱ्या पाहून आले, १९१०मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बोलावून घेतलं, आणि १९११मध्ये बडोद्यात प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. गावोगाव पेटीतून फिरती ग्रंथालयं गेली. 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं नियतकालिक निघालं त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग होते. म्हणजे कारकुनाचा ग्रंथपाल होण्याची भारतातली पहिली चर्चा काही अंशी मराठीतही छापली गेली. मला याचा अभिमान वाटतो, आणि आपण तो कधी मिरवत नाही याचं आश्चर्यही. याच सयाजीरावांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषिक कोश करवला, 'सयाजीशासनशब्दकल्पतरु', १९३१चा. शब्द घडवणं आणि पदं घडवणं त्या दरबारात हातात हात घालून चालत होतं.

मग रंगनाथन. गणित शिकवणारा हा माणूस १९२४मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, तोवर ग्रंथालयाचं काहीही शिकलेला नव्हता. लंडनला जाऊन शिकला, आणि १९३१मध्ये पाच सूत्रं मांडली. मराठीत ती आपण अशी म्हणतो : ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. शेवटच्या सूत्राच्या अनुवादकाला मनातून नमस्कार. 'वाढणारी' म्हटलं असतं तर भागलं असतं, पण 'वर्धिष्णू' म्हटल्यावर मराठी माणसाला थेट 'प्रतिपच्चंद्रलेखेव' आठवतं, शिवरायांची मुद्रा. पहिलं सूत्र मात्र पोथीच्या श्लोकाला सरळ उलटं आहे. पोथी म्हणते मूर्खाच्या हाती देऊ नको. रंगनाथन म्हणतात दे, त्यासाठीच आहे. तो मूर्ख की शहाणा हे ठरवणारा तू कोण?

हा मुद्दा आमच्या काकांना काही पटलेला नव्हता. बंद कपाटांना काचा, काचेतून पुस्तक बोटाने दाखवायचं, काकांनी किल्ली लावून काढून द्यायचं. दहावीत असताना मी एक कादंबरी मागितली तर "घरून चिठ्ठी आण" म्हणाले. शब्दाला जागले म्हणायचे!

पुढे शास्त्राच्या नावाला शेपूट लागलं. संगणक आले आणि 'ग्रंथालयशास्त्र'चं 'ग्रंथालय व माहितीशास्त्र' झालं. थोडं व्याकरण इथे. हा समास ढोबळपणे वाचला तर एकीकडे ग्रंथालय आणि दुसरीकडे माहितीशास्त्र असा अर्थ होतो, म्हणजे शास्त्र फक्त माहितीचं! काटेकोर लिहायचं तर 'ग्रंथालयशास्त्र व माहितीशास्त्र' हवं. पण विद्यापीठांनी स्वीकारलंय, विद्यार्थी तर नुसतं 'बी.लिब.' म्हणतात, तेव्हा मी यावर भांडत नाही. 'शास्त्र' की 'विज्ञान' यावर मात्र मी मराठीच्या बाजूने आहे. हिंदी 'पुस्तकालय विज्ञान' म्हणते. आपलं 'शास्त्र' पाकशास्त्रापासून भौतिकशास्त्रापर्यंत सगळं पोटात घेतं, आणि वर्गीकरण, तालिकीकरण (म्हणजे पुस्तकांची सूची करणं), देवघेव असा हाताचा आणि डोक्याचा मिळून असलेला विषय त्यात अवघडून बसत नाही.

पदनामं बदलण्याची हौस ग्रंथालयापुरती नाही. महाविद्यालयात पूर्वी अधिव्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक अशी उतरंड होती. आता सहायक, सहयोगी, आणि मग नुसते प्राध्यापक. 'प्रपाठक' हा किती छान शब्द होता, कुणी त्याला निरोपसुद्धा दिला नाही. पण गंमत अशी, की अधिव्याख्याता असतानाही नावाआधी सर्रास 'प्रा.' लागायचंच, त्यामुळे बदल पाटीवर झाला, बोलण्यात नाही. तलाठ्याचाही आता ग्राममहसूल अधिकारी झालाय, सातबाऱ्यासाठी माणसं जातात ती तलाठ्याकडेच. ग्रंथपालाची अडचण वेगळी. अर्हता नेट-सेटची, वेतनश्रेणी शिक्षकाची, आणि तरी स्टाफरूममध्ये "तुम्ही शिक्षक की शिक्षकेतर?" हा प्रश्न संपत नाही. 'शिक्षकेतर' हा शब्दच मुळात माणूस काय नाही एवढंच सांगतो.

तुमची नवी पाटी याच रांगेतली. महाराष्ट्राच्या १९९४च्या विद्यापीठ कायद्यात 'ग्रंथपाल' हा विद्यापीठाचा अधिकारी होता. २०१६च्या कायद्यात त्या जागी 'ज्ञानस्रोत केंद्राचा संचालक' आला. विद्यापीठांनी पाट्या बदलल्या (पुण्याचं जयकर ग्रंथालय आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे), आणि मग महाविद्यालयांनीही. पण हा अधिकारी विद्यापीठाचा. महाविद्यालयातलं पद आजही 'महाविद्यालयीन ग्रंथपाल' असंच आहे. तेव्हा तुमच्या बाई ग्रंथपालच. संचालक नव्हेत, आणि 'ज्ञानस्रोतपाल' तर नव्हेतच नव्हेत.

स्त्रीलिंगी रूप करायची गरज नाही. 'ग्रंथपालिका' केलंत तर नगरपालिकेची शाखा वाटेल. मराठीत क्रियापद आपलं काम चोख करतं : "ग्रंथपाल रजेवर गेल्या आहेत." लिंगही कळलं, मानही राहिला. समोर बोलताना बाई किंवा मॅडम म्हणालच.

आणि शब्द जुना झाला का? मीही काही वर्षं तसंच समजत होतो. राखणं संपलं, आता सगळं जाळ्यावर मोकळं आहे, मग 'पाल' कशाला? पण मध्यंतरी एका ओळखीच्या ग्रंथपालांकडे बसलो होतो. खिडकीपलीकडे पोरं पुस्तकं आपली आपण काढत होती, त्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्यांच्यासमोर एका विद्यार्थ्याचा पीएच.डी.चा प्रबंध होता आणि संगणकाने त्यातल्या दुसरीकडच्या लिखाणाशी जुळणाऱ्या ओळी लाल, हिरव्या, जांभळ्या रंगवल्या होत्या. २०१८च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे पायऱ्या लागतात, साठ टक्क्यांवर तर नोंदणीच रद्द. तपासणीचं ते काम त्यांच्याकडे आलं होतं. विद्यार्थी समोर उभा, घामाघूम. बाई शांतपणे म्हणाल्या, "हा परिच्छेद कुठून आणलास?" आपल्याकडे या गुन्ह्याला शब्द आहे वाङ्मयचौर्य. चोरी म्हटली की चोर आला, आणि चोर म्हटला की कोतवाल. शंभर-दीडशे वर्षं लांब गेलेले दोन भाऊ त्या टेबलापाशी पुन्हा भेटले होते.

तेव्हा 'ग्रंथपाल' बिनधास्त म्हणा.

पाटीचं मात्र एक काम करा. तुम्ही प्रश्नात लिहिलंय तसंच पाटीवर 'ज्ञानस्त्रोत' असेल, तर ते चुकलंय. स्रु म्हणजे वाहणं, त्यावरून स्रोत. त्यात 'त' एकच, तोही शेवटी. 'सहस्र'चं 'सहस्त्र' होतं तशीच ही चूक, बहुधा 'स्त्री' आणि 'स्तोत्र' डोळ्यांत बसल्यामुळे. रंगारी पुन्हा आला की 'स'खालचा तो 'त' तेवढा पुसून घ्या. बाईंना सांगितलंत तर त्याच करून घेतील.